लायलॅकची छाटणी: बहर सरला की लगेच, ऑक्टोबरात नव्हे

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मिडवेस्टात किंवा कॅनडात जुनं घर घेतलं की पुष्कळदा त्याच्यासोबत एक लायलॅकही, म्हणजे जांभळ्या सुवासिक तुऱ्यांचं झुडूप, पदरात पडतो. आधीच्या कुणीतरी कुंपणाच्या कडेला लावलेला, दहा-बारा फूट वाढलेला, मे महिन्यात दोन आठवडे सगळं आवार दरवळून टाकणारा. पुढे दोन-तीन वर्षांत तक्रार सुरू होते: झाड जोमात आहे, पानं भरपूर आहेत, पण फुलं म्हणाल तर पार शेंड्याला, हात पोचणार नाही अशा जागी चार तुरे. कधी कधी तेही नाहीत.

अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा छाटणीत सापडतं. आणि आपल्या लोकांची छाटणी चुकते तीही ठरावीक कारणानं. हात अजून महाराष्ट्राच्या हंगामाप्रमाणे चालतो. तिकडे पाऊस ओसरला, ऑक्टोबर लागला की गुलाबाला कात्री लावायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इकडेही ऑक्टोबरात हवा छान पडते, पानगळ सुरू होते, अंगण आवरायची हुक्की येते आणि कात्री बाहेर निघते. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तिकडे त्याला ते चालतं. लायलॅकची ऑक्टोबरात कापलेली काडी मात्र पुढच्या मे महिन्यातला तुरा सोबत घेऊन कचऱ्यात जाते.

कळी धरते ती उन्हाळ्यात

नाशिक-सांगलीकडे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड कापतात, नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पुढच्या काही आठवड्यांतच सूक्ष्मघड तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतो, पण घड येणार की नाही याचा निकाल उन्हाळ्यातच लागलेला असतो.

लायलॅकमध्ये त्या दुसऱ्या छाटणीच्या जागी हिवाळा येतो, एवढाच फरक. मे महिन्यात बहर. बहर ओसरता ओसरता तुऱ्याच्या लगेच खालून नव्या काड्या निघतात आणि जूनभर वाढतात. जुलैच्या सुमारास त्यांची वाढ मंदावते आणि शेंड्याकडच्या डोळ्यांत पुढल्या वर्षीचा तुरा आकार घेऊ लागतो. पानं गळायच्या आत तो तयार असतो. मग भरपूर थंडी खाल्ल्यावर वसंतात तो डोळा फुटतो. म्हणजे या वर्षीचं फूल गेल्या वर्षीच्या काडीवर येतं. इथले माळी याला ‘ओल्ड वुड’वर फुलणारं झाड म्हणतात आणि ज्या कुठल्या झुडपाला हे लागू पडतं त्या सगळ्यांची छाटणी बहरानंतरच होते.

खात्री करायची असेल तर जानेवारीत एखादी फांदी जवळून पाहा. साध्या लायलॅकच्या काडीच्या टोकाला एकच डोळा नसतो, दोन असतात, जोडीनं. ते टपोरे, गोलसर असतील तर आत तुरा आहे. बारीक आणि निमुळते असतील तर नुसती पानं येणार. एकदा हे पाहिलं की हिवाळ्यात त्या शेंड्यांवर कात्री चालवायचा धीर कुणाला होणार नाही.

त्यामुळे छाटणीची वेळ अशी: फुलं कोमेजून तपकिरी पडायला लागली की सुरुवात, आणि तिथून चार ते सहा आठवड्यांत काम संपवायचं. न्यू जर्सीत बहर एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत असतो, बॉस्टनकडे मेच्या मध्यावर, मिनेसोटात आणि टोरांटोकडे आणखी थोडा उशिरा. मिशिगनच्या मॅकिनॉ बेटावर तर लायलॅकचा उत्सवच जूनमध्ये भरतो. तारखांचा घोळ नको असेल तर सोपं गणित आहे: मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत कात्रीला धार लावा आणि फोर्थ ऑफ जुलैला ती पेटीत ठेवून द्या. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी दोन आठवडे आधी सुरू करा आणि तितकंच लवकर थांबा.

याला अपवाद दोनच. मेलेली, मोडलेली, रोगट फांदी कधीही काढावी, त्यासाठी मुहूर्त लागत नाही. आणि झुडूप पार जमिनीसरसं कापून नव्यानं वाढवायचं असेल तर ते मार्चमध्ये, डोळे फुटायच्या आधी. त्याबद्दल पुढे सांगतो.

हातात कात्री घेण्याआधी

समोर आहे तो लायलॅकच ना, हे आधी पाहा. साध्या लायलॅकची पानं बदामाच्या आकाराची, गुळगुळीत आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात. जाई-जुई, मोगरा आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. मूळ घर बाल्कन प्रदेशातल्या डोंगरांत. सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून तो व्हिएन्नाला गेला आणि पुढे युरोपातल्या वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत आला. न्यू हॅम्पशायरनं तर 1919 मध्ये जांभळ्या लायलॅकला राज्यफुलाचा मान दिला.

गोंधळ होतो तो ‘बटरफ्लाय बुश’शी. त्याचेही जांभळे तुरे असतात, पण पानं लांबट आणि राखाडी झाक असलेली, आणि फुलं येतात जुलैनंतर. तो नव्या फुटीवर फुलतो, म्हणून त्याची छाटणी उलट हिवाळा संपताना करायची. लायलॅकचा नियम त्याला लावलात तर फार बिघडणार नाही, त्याचा नियम लायलॅकला लावलात तर वर्ष गेलं.

लायलॅकमध्येही प्रकार आहेत. ‘मिस किम’ आणि ‘पॅलिबिन’ ही बुटकी, बारीक पानांची, थोडी उशिरा फुलणारी झुडपं. त्यांना मोठी छाटणी क्वचितच लागते. बहरानंतर आकारापुरतं हलकं कापलं की पुरे. ‘ब्लूमरँग’ हा वसंतात फुलून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा थोडा फुलतो. त्याची छाटणी पहिल्या बहरानंतर लगेच आणि अगदी हलकी. जूनमध्ये पांढरेधोप तुरे येणारं, रस्त्याकडेला लावलेलं सरळ खोडाचं झाड असेल तर तो ‘जॅपनीज ट्री लायलॅक’. तो वृक्ष आहे. त्याचं खोड जमिनीलगत कापायचं नाही, फक्त वाळकं लाकूड आणि आत वळलेल्या फांद्या काढायच्या. इथून पुढे सांगतोय ते मुख्यतः साध्या, मोठ्या, बहुखोडी लायलॅकबद्दल.

दुसरी गोष्ट, झाड स्वतःच्या मुळावर आहे की कलम केलेलं आहे. जुन्या घरांतले लायलॅक बहुधा स्वतःच्या मुळावरचे असतात. कलमाचा असेल तर बुंध्याशी गाठ दिसते आणि खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम बांधलं ते झाड, पुष्कळदा प्रिव्हेटचा असतो, तेच ते इथल्या कुंपणाला लावतात ते झुडूप. प्रिव्हेटची पानं लहान, अरुंद, चकचकीत. बुंध्यातून अशा पानांचे फुटवे येत असतील तर ते खुंटाचे आहेत. माती बाजूला करून मुळापासून उपटा, नाहीतर काही वर्षांनी कुंपणाला प्रिव्हेटच उरेल.

तिसरी गोष्ट इथे नव्यानं आलेल्यांना कुणी सांगत नाही. जुन्या लायलॅकच्या बुंध्यात ‘पॉयझन आयव्ही’ हमखास माजलेली असते. एका देठावर तीन पानं, मधल्याचा देठ बाकी दोघांपेक्षा लांब, जुना वेल असेल तर त्याच्या खोडाला केसाळ मुळं. हात लागला तर अंगावर पुरळ उठून आठवडे जातात. दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा आणि काढलेला वेल कधीही जाळू नका, त्याचा धूर फुप्फुसात जाणं फार वाईट. शिवाय मे-जून हे गोचिडांचे महिने. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरात आल्यावर अंग तपासणं. गोचिडांमुळे होणाऱ्या लाइम रोगाच्या भागात हे गमतीनं घेऊ नये.

आणि घरटी. रॉबिन, कॅटबर्ड, कार्डिनल यांना लायलॅकची दाटी आवडते आणि तुमच्या छाटणीच्या काळातच ते अंड्यांवर बसलेले असतात. बहुतेक रानपक्ष्यांची वापरातली घरटी हलवायला अमेरिकेत 1918 च्या कायद्यानं मनाई आहे. घरटं दिसलं तर ते खोड आणि आजूबाजूचं या वर्षी सोडून द्या. पुढल्या वर्षी आधी त्याचाच नंबर लावा.

हत्यारं

तीन पुरेत. बोटाएवढ्या काडीसाठी सिकेटर, इथे त्याला हँड प्रूनर म्हणतात. दोन पाती एकमेकांना घासून जाणारं ‘बायपास’ घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारं घेऊ नका, ते ओली फांदी चिरडतं. अंगठ्याएवढ्या जाडीसाठी लांब दांड्याचा लॉपर. त्याहून जाड असेल तर घडीची करवत. कुंपण कातरायची ती मोठी कात्री किंवा विजेवर चालणारं ट्रिमर लायलॅकजवळ आणूच नका, कारण सांगतो.

पाती रबिंग अल्कोहोलनं पुसून घ्या. रोगट फांदी कापत असाल तर प्रत्येक कापानंतर पुसा. गावाकडे मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची सवय असते. इथे लायलॅकला काही लावायची गरज नाही, काप उघडाच भरून येतो.

प्रत्यक्ष छाटणी

एक: मेलेलं आधी काढा. जूनमध्ये हे सोपं असतं, कारण ज्याला पानं नाहीत ते मेलेलं. शंका आली तर नखानं साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत. मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याही याच फेरीत. हे झालं की झुडपात उजेड येतो आणि पुढचं काय करायचं ते दिसतं. इथे एकदा दहा पावलं मागे येऊन सगळ्या बाजूंनी पाहून घ्या.

दोन: सगळ्यांत जुनी खोडं जमिनीलगत कापा. छाटणीचा सगळा जीव या पायरीत आहे आणि नवखे लोक नेमकी हीच टाळतात. जाडजूड खोड कापायला हात धजत नाही, म्हणून मग वरवरचे शेंडे खुडत बसतात. पण लायलॅकचं खोड जुनं झालं की त्याची फूल द्यायची ताकद वर वर सरकत जाते. दोन इंचांहून जाड, खरबरीत सालीचं, बारा फूट उंच खोड तुम्हाला शेंड्याला चार तुरे देतं आणि खाली सावली करून नव्या फुटव्यांना वर येऊ देत नाही. शिवाय खोडकिडा अशाच खोडांत शिरतो. खोडावर छिद्रं आणि त्यांच्याखाली लाकडाचा भुसा दिसला तर तो आत आहे असं समजा. ते खोड कापून टाकणं हाच त्याच्यावरचा सरळ उपाय.

किती कापायची? एका वर्षी एकूण खोडांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. बारा खोडं असतील तर तीन, फार तर चार. निवडताना सगळ्यांत जाड आणि मधोमध दाटी करणारी आधी. उंच खोड एकदम बुंध्यातून कापायला जाऊ नका, बाकीच्या फांद्यांत अडकून ते शेजारची कोवळी खोडं मोडतं. आधी वरचा भाग तुकड्या-तुकड्यांनी उतरवा, मग उरलेला खुंट. शेवटचा काप घालताना आधी खालच्या बाजूनं, म्हणजे खोड ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूनं, अर्धा इंच करवत चालवा आणि मग वरून कापा. नाहीतर पडताना साल खालपर्यंत सोलून निघते. काप जमिनीपासून दोन-तीन इंचांवर ठेवा. फूटभर खुंट ठेवलात तर तो वाळतो, कुजतो आणि पुढल्या वर्षी तुमचीच करवत अडवतो.

तीन: फुटवे निवडा. मुळांतून दरवर्षी डझनावारी फुटवे येतात. सगळे ठेवले तर झुडपाचं रान होतं आणि सगळे काढले तर म्हाताऱ्या खोडांची जागा घ्यायला कुणी उरत नाही. जितकी खोडं काढलीत तितकेच, पेन्सिलीएवढे जाड, सरळ आणि एकमेकांपासून अंतरावर असलेले फुटवे ठेवा, बाकीचे मातीखालून ओढून काढा. ठेवलेला फुटवा फुलावर यायला दोन-तीन वर्षं घेईल. शेवटी झुडपात वेगवेगळ्या वयाची आठ ते बारा खोडं असावीत, बोटाएवढ्यापासून मनगटाएवढ्यापर्यंत. मुळासकट निघालेला फुटवा फेकायचा जिवावर येत असेल तर वसंताच्या सुरुवातीला किंवा पानगळीनंतर काढून मित्राच्या अंगणात लावा. अर्थात झाड कलमाचं नसेल तरच.

चार: उंची उतरवा, पण एकेक फांदी बघून. लायलॅकचे डोळे समोरासमोर जोडीनं येतात. उंच फांदी जिथे बाहेरच्या बाजूच्या खालच्या फांदीला मिळते त्या सांध्याच्या लगेच वर कापा. तसा सांधा नसेल तर निरोगी डोळ्यांच्या जोडीच्या पाव इंच वर. सगळं एका उंचीवर सपाट कातरलं की काय होतं ते इथल्या कित्येक अंगणांत दिसतं: वर पानांचं जाड छत, आत वाळक्या काड्या आणि फुलं नाहीत. कॉन्ट्रॅक्टवरचे लँडस्केपर येऊन सप्टेंबरात सगळ्या झुडपांचे एकसारखे गोळे करून जातात, त्यात लायलॅकही गोळा होतो. तुमच्याकडे अशी माणसं येत असतील तर लायलॅकला फडकं बांधून ठेवा आणि स्पष्ट सांगा, याला हात लावायचा नाही.

पाच: वाळलेले तुरे खुडा. तुऱ्याच्या खाली लगेच दोन कोवळ्या काड्या निघालेल्या दिसतील. पुढल्या वर्षीचा बहर त्यांच्यावरच आहे. तुरा त्यांच्या वर कापा, त्यांना धक्का न लावता. झाड लहान असेल तर हे नीट करा, बी धरण्यात जाणारी ताकद वाचते. मोठ्या झुडपात हात पोचतो तेवढं करून सोडून द्या. शिडी लावून शेवटच्या तुऱ्यापर्यंत जायची गरज नाही, फुलं त्यानं काही अडत नाहीत.

खरं तर बहर चालू असतानाच छाटणीला सुरुवात करता येते. घरात, देवापुढे, शेजाऱ्यांना द्यायला फुलं कापताच ना? मग ती उंच, दाटीच्या फांद्यांवरची, भरपूर लांब दांडीसकट कापा. सकाळी गार वेळेला, तुऱ्यातली निम्मी फुलं उमललेली असताना. खालची पानं काढून टाका, दांडीच्या टोकाला उभी चीर द्या आणि लगेच खोल पाण्यात ठेवा. लाकडी दांडी पाणी सावकाश ओढते, चीर दिली नाही तर फुलं दुसऱ्याच दिवशी माना टाकतात.

कापलेल्या फांद्यांचं काय करायचं हे गावागावाप्रमाणे वेगळं असतं. कुठे कागदी पिशव्या, कुठे सुतळीनं बांधलेल्या मोळ्या. गावाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला लायलॅक

याला दोन रस्ते आहेत. पहिला तीन वर्षांचा: दरवर्षी बहरानंतर जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा काढायचा आणि तितके फुटवे वाढवायचे. तिसऱ्या वर्षाअखेर सगळं झुडूप नवं झालेलं असतं आणि मधल्या काळात फुलंही मिळत राहतात. माझा कौल यालाच.

दुसरा रस्ता झटपट आणि निर्दय. मार्चमध्ये सगळी खोडं सहा ते आठ इंचांवर कापून टाकायची. उन्हाळ्यात बुंध्यातून फुटव्यांचं जंगल उठतं. त्यातले आठ-दहा जोमदार ठेवून बाकीचे पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी काढायचे आणि ठेवलेल्यांचे शेंडे डोळ्याच्या वर थोडे कापायचे, म्हणजे ते फांद्या धरतात. दोन ते तीन वर्षं फुलं विसरायची. झुडूप खोडकिड्यानं किंवा बर्फानं पार मोडलेलं असेल, नाहीतर खिडकीवर चढून बसलं असेल, तर हा रस्ता ठीक. पण आधीच खंगलेलं, सावलीतलं झाड अशा घावातून उठेलच असं नाही. आणि कलमी झाडावर हा प्रयोग करूच नका, वर येईल तो खुंट.

नवं रोप लावलं असेल तर उलट पहिली तीन-चार वर्षं कात्री जवळजवळ लांबच ठेवा. मोडकं-वाळकं तेवढं काढा. रोपाला फुलावर यायलाच तीन ते पाच वर्षं लागू शकतात, तो उशीर छाटणीनं भरून निघत नाही.

छाटणीनंतर

पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा खोल पाणी द्या, कारण याच महिन्याभरात नव्या काड्या वाढायच्या आहेत. बुंध्याभोवती दोन इंच कंपोस्ट पसरा, खोडाला चिकटू न देता. खत म्हणून एवढं बास. लॉनला टाकतात ते नत्राचं खत लायलॅकच्या मुळांपर्यंत पोचलं की पानं तरारतात आणि फुलं कमी होतात, तेव्हा लॉनवाल्याला त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. लायलॅकला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माती आवडते आणि न्यू इंग्लंडची माती पुष्कळ ठिकाणी आम्ल आहे. पण कुणी सांगितलं म्हणून चुना ओतू नका. राज्याच्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन सेवेकडून, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या विभागाकडून, थोड्या पैशांत माती तपासून मिळते, तिथून आकडा आल्यावर ठरवा.

ऑगस्टात पानांवर पांढरी भुरी येईल. द्राक्षवाल्या घरातून आलेला माणूस ती पाहून हादरतो आणि गंधक शोधायला निघतो. इथे तेवढं मनावर घेऊ नका. दिसायला वाईट, पण तोवर झाडाचं वर्षाचं काम बरंचसं उरकलेलं असतं आणि त्यानं सहसा फारसं नुकसान होत नाही. जुनी खोडं काढून आत हवा खेळू दिली की भुरी आपोआप कमी होते. शरद ऋतूत खाली पडलेली पानं गोळा करून टाका. ओल्या, थंड वसंतात कोवळे शेंडे अचानक काळे पडून माना टाकू लागले तर मात्र तो जिवाणूंचा करपा. कोरडा दिवस बघून, काळ्या भागाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात काप घ्या, आणि इथे प्रत्येक कापानंतर पातं पुसणं आलंच.

हे सगळं वाचून कळण्यापेक्षा पाहून लवकर कळतं. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानात 1908 पासून मे महिन्यातल्या एका रविवारी, मदर्स डेला, ‘लायलॅक संडे’ असतो. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरच्या हायलंड पार्कमध्ये पाचशेहून अधिक जातींचे लायलॅक आहेत. शिकागोच्या पश्चिमेला लोम्बार्डचं लायलेशिया पार्क, टोरांटोवाल्यांना हॅमिल्टनजवळचं रॉयल बोटॅनिकल गार्डन्स. सगळे लोक वर तुऱ्यांकडे बघत असतात, तुम्ही वाकून बुंध्याकडेही बघा: किती खोडं ठेवलीत, जुने काप कुठे आहेत, फुटव्यांमध्ये अंतर किती.

सगळं करूनही फुलं नाहीत?

आधी ऊन मोजा. लायलॅकला दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन लागतं. वीस वर्षांपूर्वी लावला तेव्हा ऊन असेल, आता शेजारचा मेपल वाढला असेल. अशा वेळी छाटणी मेपलची करायची असते.

मग आठवा, गेल्या वर्षी जुलै ते एप्रिल या काळात कुणी त्याला कात्री लावली होती का. तुम्ही नसेल लावली तर लँडस्केपरनं किंवा सुट्टीत राहायला आलेल्या आणि रिकामं बसणं न जमणाऱ्या बाबांनी. मे महिन्यातली उशिराची थंडीही फुगलेले डोळे जाळते. त्या वर्षी काही करता येत नाही, पुढल्या वर्षी झाड आपोआप फुलतं.

आणि तुम्ही राहता कुठे? साध्या लायलॅकला कडक हिवाळा लागतो. ह्यूस्टन, ऑर्लँडोसारख्या ठिकाणी तो हिरवा राहील, फुलणार नाही. याच कारणानं पुण्याला आईकडे काडी न्यायचा बेतही सोडून द्या. भारतात त्याचा सख्खा भाऊ, हिमालयन लायलॅक, वाढतो तो काश्मीर-हिमाचलाच्या उंच डोंगरांत. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडे ‘लॅव्हेंडर लेडी’सारख्या कमी थंडीत फुलण्यासाठी तयार केलेल्या जाती मिळतात. टेक्सास-जॉर्जियात राहणाऱ्यांनी मात्र सरळ क्रेप मर्टल लावावं. आपल्या ताम्हणाची ती धाकटी बहीण, तशाच चुरगळलेल्या पाकळ्यांची. ती नव्या फुटीवर फुलते, तेव्हा तिची छाटणी फेब्रुवारीत, आणि तीही हलकी. दरवर्षी सगळ्या फांद्या एकाच जागी खुंटवल्या तर तिथे गाठी धरतात आणि त्यांतून निघणाऱ्या लेच्यापेच्या काड्या फुलांच्या भारानं पावसात वाकून जमिनीला टेकतात.